अजून हाच वापरता?

जगात काही प्रश्न असे असतात, की विचारणाऱ्याला त्याचं उत्तर नकोच असतं. हातात भाजीची पिशवी दिसत असताना 'काय, बाजारात का?' असं विचारतात, तो यातला निरुपद्रवी प्रकार. 'मुलीचं जमलं का कुठे?' हा उपद्रवी प्रकार. पण या दोघांनाही मागे टाकील असा एक प्रश्न हल्ली फार बोकाळला आहे. 'अजून हाच वापरता?' हा तो प्रश्न. मला तो स्कूटरवरून विचारला गेला, छत्रीवरून विचारला गेला, मनगटावरच्या किल्लीच्या घड्याळावरून तर दर आठवड्याला विचारला जातो. मी सोशिक माणूस आहे. बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षं बसलेला माणूस सोशिक नसला तर तो तुरुंगात तरी असतो किंवा हिमालयात तरी. पण गेल्या महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेत हाच प्रश्न माझ्या कॅमेऱ्यावरून विचारला गेला, आणि तोही सख्ख्या भाच्याने, तेव्हा मात्र माझा सोशिकपणा संपला.

प्रतापगड म्हटल्याबरोबर तुम्ही साताऱ्याकडे तोंड केलं असेल. साहजिक आहे. 1659 साली तिथे जे घडलं त्याचा दरारा एवढा, की आमच्या गोंदिया जिल्ह्यातला प्रतापगड आम्हाला दर वेळी तालुक्यासकट सांगावा लागतो. तर प्रतापगड, तालुका अर्जुनी मोरगाव. डोंगर, जंगल, जुना किल्ला, महादेव आणि दर्गा. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. त्रिशूळ घेतलेले भक्त, कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी, 'हर हर महादेव'चा गजर, आणि या सगळ्यावर तरंगणारी लाल धूळ. बाजूच्या रानात पळस फुललेला. फोटो काढणाऱ्याने इथे यावं आणि वेडं व्हावं.

आम्ही तिघं गेलो होतो. मी, अर्जुनीची माझी ताई आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा. भाचा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्या गळ्यात नवा मिररलेस कॅमेरा होता. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण त्या कॅमेऱ्याचे चौदा हप्ते अजून बाकी होते आणि ज्याचे हप्ते बाकी त्याचं नाव जाहीर करू नये, असा आमच्या धंद्यातला संकेत आहे. माझ्या गळ्यात माझा निकॉन डी 90.

"मामा, काहून हे ओझं घेऊन फिरता जी? अजून हाच वापरता?"

बोलता बोलता त्याने पिशवीतून एक कागद काढला. आणखी एक तसलाच कॅमेरा घ्यायचा म्हणून कर्जाचा अर्ज. लग्नाला दोन कॅमेरे लागतात म्हणे, एक नवरीकडे आणि एक नवऱ्याकडे. अर्जाच्या तळाशी 'जामीनदार' असा शब्द आणि त्यापुढे रिकामी रेघ. त्या रेघेकडे पाहताच मला कॅमेऱ्याच्या तंत्रात एकदम रस वाटू लागला.

आता दोन्ही पक्षांची कैफियत ऐका. माझ्या कॅमेऱ्यात एक आरसा असतो, 45 अंशांत तिरपा बसवलेला. भिंगातून आलेला उजेड त्यावर आपटून वर जातो, वरच्या लोलकात वळसे घेतो आणि थेट आपल्या डोळ्यात येतो. बटण दाबलं की आरसा वर उडतो, पडदा उघडतो, उजेड मागच्या सेन्सरवर पडतो, आणि आरसा पुन्हा जागेवर. हे सगळं 'खटॅक' एवढ्या अवधीत. मिररलेसवाल्यांनी विचार केला, की एवढी उठाठेव कशाला? आरसा काढून टाका, लोलक काढून टाका. सेन्सरलाच सतत बघू द्या आणि त्याने बघितलेलं एका चिमुकल्या पडद्यावर डोळ्यापुढे धरा. यंत्र हलकं झालं. वाड्यातली मधली भिंत पाडून हॉल करतात, त्यातलाच हा प्रकार.

गंमत अशी, की माझा डी 90 ऑगस्ट 2008 मध्ये जाहीर झाला, आणि पुढच्याच महिन्यात पॅनासोनिकने आपला जी 1 पुढे आणला. भिंगं बदलता येणाऱ्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या आजच्या घराण्याचा तो मूळपुरुष. म्हणजे माझ्या कॅमेऱ्याचं बारसं चाललं होतं तेव्हाच शेजारच्या खोलीत त्याचा वारस जन्मला. शिवाय डी 90 हा चलचित्रं घेणारा पहिला डीएसएलआर. चलचित्र घ्यायचं तर आरसा वर धरून ठेवावाच लागतो. तेव्हा 'आरशावाचूनही चालतं' हे गुपित फोडण्यात माझ्याच घरच्या माणसाचा हात होता, हे मला कबूल करायला हवं. पुढे व्हायचं ते झालं. निकॉनचा डी 6 आणि कॅननचा वन डी एक्स मार्क 3 हे दोन्ही 2020 चे. त्यानंतर या दोन घराण्यांत आरशाचा नवा वारस नाही. पेंटॅक्स तेवढी आरशाला धरून आहे, एखाद्या गल्लीत एकच घर धोतर नेसतं तशी.

आणि नव्या यंत्राचे गुण? ते आहेत. मी भांडखोर असलो तरी खोटा नाही. भाच्याचा कॅमेरा माणसाचा डोळा स्वतः शोधतो आणि त्याला धरून ठेवतो. माणूस वळला, चालला, गर्दीत दिसेनासा होऊन पुन्हा उगवला, तरी सोडत नाही. एवढी चिकाटी मी फक्त विमा एजंटांत पाहिली आहे. माझ्या कॅमेऱ्याला रोखण्यासाठी सगळे मिळून 11 बिंदू, आणि तेही मध्यावर गोळा झालेले. माणूस कडेला गेला की मी त्यालाच विनंती करतो, 'भाऊ, जरा मधे या.' त्याच्या पडद्यावर फोटो काढायच्या आधीच उजेड कमी की जास्त ते दिसतं. मला ते काढल्यावर कळतं, कधी कधी घरी गेल्यावर. आणि त्याचा कॅमेरा आवाज न करता फोटो काढू शकतो. दर्ग्यापाशी एक म्हातारा डोळे मिटून बसला होता. भाच्याने दहा फोटो काढले, त्याला पत्ताही नाही. मी एक काढला. खटॅक! म्हातारबाबांनी डोळे उघडून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्या एका बाबतीत मी नव्या यंत्राला हात जोडले.

पण मग पुढचंही ऐका. भाच्याचा कॅमेरा सेकंदाला 11 चित्रं घेतो. माझा साडेचार घेतो. वरचं अर्धं कुठे जातं ते मला अजून कळलेलं नाही. दुपारपर्यंत भाच्याकडे अकराशे फोटो जमले आणि माझ्याकडे साठ. आता या अकराशेंतून चाळीस निवडायला रात्रभर बसायचं कोणी? यंत्राने वेळ वाचवला तो असा. दुसरं, त्याचा पडदा सतत जळत असतो, म्हणून बॅटरीही. डी 90 ची बॅटरी एका भरण्यात प्रमाणित चाचणीनुसार 850 फोटो देते. आरशात बघायला वीज लागत नाही. माझी आजी कुंकू लावायला आरशात बघत असे, तिलाही लागत नव्हती. तिसरं, धूळ. भिंग बदलताना माझा सेन्सर आरशाच्या आणि बंद पडद्याच्या आड, नव्या सुनेसारखा आत असतो. बहुतेक मिररलेसांत तो थेट अंगणात. प्रतापगडच्या यात्रेतल्या धुळीला निमंत्रण लागत नाही, दार उघडं दिसलं की पुरे.

"पण मामा, मेगापिक्सेल! माझे 26, तुमचे फक्त 12."

इथे मी कॉमर्सचा पदवीधर असल्याचा फायदा घेतला. अर्जाच्याच पाठीवर पेनने हिशेब मांडला. 8 बाय 12 इंचांचा फोटो, दर इंचाला 300 ठिपके. म्हणजे 2400 गुणिले 3600, एकूण 86 लाख 40 हजार. माझ्या कॅमेऱ्यात 4288 गुणिले 2848, म्हणजे 1 कोटी 22 लाख. सगळं देऊन 35 लाखांवर ठिपके शिल्लक! "अर्जुनीत यापेक्षा मोठा फोटो भिंतीला कोण लावतं?" मी विचारलं. भाचा म्हणाला, "आमदार." तेवढा अपवाद मी मान्य केला.

आता माझ्या भांडणाच्या मुद्द्यावर येतो. माझं भांडण नव्या यंत्राशी नाही. 'जुनं' या शब्दाचा अर्थ कोणी आणि कधी 'बिघडलेलं' असा करून टाकला, त्याच्याशी आहे. हिशेबाच्या पुस्तकात घसारा नावाचं एक कलम असतं. समजा, एक लाखाचा कॅमेरा घेतला आणि घटत्या बाकीवर वर्षाला 40 टक्के घसारा लावला. पहिल्या वर्षाअखेर 60 हजार, दुसऱ्या वर्षाअखेर 36 हजार, तिसऱ्या वर्षाअखेर 21 हजार 600. ही किंमत कागदावर घसरते. कॅमेरा बिचारा पहिल्या दिवशी काढायचा तसेच फोटो काढत असतो, त्याला या घसरगुंडीची वार्ताही नसते. आणि या पद्धतीत बाकी कधीही शून्य होत नाही, हेही लक्षात ठेवा. हिशेबनिसांनासुद्धा जुन्या वस्तूबद्दल तेवढी माया आहे. ती नाही फक्त शेजाऱ्यांना.

मुलगा धंदा सुरू करतो, ठीक. कर्ज काढतो, तेही ठीक, नाही तर आम्ही खायचं काय? पण कर्ज कशासाठी, हे तरी बघावं. कॅमेऱ्याचा सांगाडा दर दोन-तीन वर्षांनी 'जुना' ठरतो, चांगलं भिंग मात्र दहा-वीस वर्षं नाणं वाजवून उभं असतं. निकॉनचं एफ माउंट 1959 सालचं, आणि माझ्या डी 90 लाही तेच आहे. आज सगळे मिररलेसमागे धावताहेत, म्हणून चांगले डीएसएलआर आणि त्यांची भिंगं जुन्या बाजारात मातीमोल झाली आहेत. ज्याच्या खिशात पैसे कमी त्याच्यासाठी यापेक्षा मोठी पर्वणी नाही. पण ती साधायची कशी? नवरीचा बाप कॅमेऱ्याकडे बघून विचारतो, 'नवीनच आहे ना?' फोटो कसे येतात, हे कोणी विचारत नाही. म्हणजे हे हप्ते भाचा फोटोंसाठी भरत नाही, त्या एका प्रश्नाच्या भीतीने भरतो. माझी स्कूटर, माझी छत्री आणि भाच्याचं कर्ज, तिन्ही एकाच प्रश्नाची देणी.

हे सगळं मी एका आलूबोंड्याच्या दुकानात बसून, हातवारे करून सांगितलं. ताई म्हणाली, "दोघंही बोलतच रायले. माझा एक फोटो काढता का नाही?"

भाच्याच्या कॅमेऱ्याची दुसरी बॅटरीही तेव्हा संपत आली होती, म्हणून तो पॉवर बँकेला लावून ठेवला होता. त्याने निमूटपणे माझा डी 90 उचलला. आरशाच्या खिडकीतून आईकडे पाहिलं आणि पाहतच राहिला. ताईला म्हणाला, "आई, बाबांनी तुला या यात्रेत पयल्यांदा काय घेऊन देल्लं होतं?" मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली. ताई आधी लाजली, मग हसली, मग डोळ्याला पदर लावला. खटॅक. एकदाच.

त्याचा कॅमेरा जागा झाल्यावर मीही त्यातून ताईचे वीस-बावीस फोटो काढले. यंत्राने दर वेळी तिचा डोळा अचूक धरला. पण आता त्या डोळ्यात 'झालं का रे बाबा?' एवढंच होतं.

पुढच्या आठवड्यात गोंदियाला दोन्ही फोटो 8 बाय 12 मध्ये छापून ताईपुढे ठेवले. कुठला कशातला ते सांगितलं नाही. तिने एक उचलला आणि मेहुण्यांच्या तसबिरीशेजारी लावायला सांगितला. कुठला, ते तुम्ही ओळखलंच असेल. आता यात विजय कोणाचा, यावर आम्हा मामा-भाच्यांत अजून वाद आहे. मी म्हणतो कॅमेऱ्याचा, तो म्हणतो त्याचा. मनातल्या मनात मला ठाऊक आहे, की तोच बरोबर आहे. पण हे त्याला सांगू नका, धंद्यातल्या माणसाने फार चढून जाऊ नये.

अर्जाचं काय झालं? त्या रेघेवर मी सही केली नाही. लग्नाचा हंगाम तोंडावर आला तेव्हा भाचा दारात उभा राहिला. म्हणाला, "मामा, तुमचा तो डबा महिनाभर द्याल का जी?" दिला. नवरीकडे नवा उभा राहतो, नवऱ्याकडे जुना. हंगाम संपला, पावसाळा संपला, चौदा हप्त्यांपैकी सहा फिटले, पण डबा काही परत आला नाही. माझ्या खतावणीत त्याची किंमत आता रुपया उरली असेल. त्या रुपयावर भाच्याचं निम्मं घर चाललं आहे.

मी आता फोटो फोनवर काढतो. फोन चांगला आहे, 2019 चा. परवाच काउंटरवर एका पोराने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी त्याला पुढचं बोलू दिलं नाही. म्हटलं, "लंच टाइम."