सुदानचे ऋण आणि दिल्लीचे मौन

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छायाचित्र ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर तो घुमट असतोच. जोधपुरी लाल दगडात उभी असलेली प्रबोधिनीची ही मुख्य इमारत ‘सुदान ब्लॉक’ या नावाने ओळखली जाते. हे नाव तिला का मिळाले, याचा विचार मात्र पुण्यात क्वचितच होतो. दुसऱ्या महायुद्धात इटालियन फौजांपासून सुदानचे रक्षण करताना आणि पुढे इरिट्रियात केरेनच्या डोंगरी लढाईत भारतीय सैनिकांनी रक्त सांडले. केरेनला मराठा पलटण होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे तरुण अधिकारी प्रेमिंद्र सिंग भगत यांना सुदान-अबिसीनिया सरहद्दीवर सुरुंग काढण्याच्या कामगिरीबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या बलिदानाची जाण म्हणून १९४१ साली सुदान सरकारने एक लक्ष पौंडांची देणगी दिली. फाळणीनंतर भारताच्या वाट्याला आलेल्या सत्तर हजार पौंडांचा विनियोग या इमारतीसाठी झाला आणि १९५९ साली सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

पण १९४१ चे ‘सुदान सरकार’ म्हणजे कोण? खार्टूममध्ये तेव्हा लोकनियुक्त विधिमंडळ नव्हते, ब्रिटिश गव्हर्नर-जनरल होता. तिजोरीत पैसा होता तो शेतसाऱ्याचा, करांचा आणि गेझिराच्या कालव्यांवर लँकेशायरच्या गिरण्यांसाठी कापूस पिकवणाऱ्या कुळांच्या श्रमाचा. तेव्हा खडकवासल्याच्या त्या घुमटाखाली जे ऋण आहे, ते कोणा सुलतानाचे वा सेनापतीचे नव्हे. ते सुदानी रयतेचे आहे आणि ती रयत १५ एप्रिल २०२३ पासून दोन सशस्त्र टोळ्यांच्या जात्यात भरडली गेली. एक कोटीहून अधिक माणसे घरादारांतून उठली. जगातील सर्वांत मोठे विस्थापन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी त्याची नोंद केली. भारताच्या सार्वजनिक जीवनात त्याचे पडसाद किती उमटले? आपले नागरिक ‘ऑपरेशन कावेरी’तून परत आणले गेले. त्यांत कर्नाटकातून जडीबुटी विकायला गेलेले हक्की-पिक्की या भटक्या जमातीचे गरीब लोकही होते. शेवटचे विमान उतरले आणि सुदान आपल्या वृत्तपत्रांतून नाहीसे झाले.

जे थोडे लिहिले गेले, त्यातही दोन ठरीव स्पष्टीकरणे दिली गेली. पहिले असे की, हे अरब विरुद्ध आफ्रिकी, मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती असे पुरातन वैर आहे. दुसरे असे की, अब्देल फत्ताह अल-बुऱ्हान आणि मोहम्मद हमदान दगालो उर्फ हेमेदती या दोन सेनानींची ही खाजगी हाणामारी आहे. दोन्ही स्पष्टीकरणे सोयीची आहेत, कारण दोन्हींत बाहेरच्या कोणाचाच हात दिसत नाही.

पुरातन वैराची कथा तपासून पाहावी. दक्षिण सुदानला उत्तरेपासून तोडण्याचे काम १९२० नंतर ब्रिटिशांनी ‘बंद जिल्हे’ घोषित करून पद्धतशीरपणे केले. परवान्याशिवाय येजा नाही, शिक्षण मिशनऱ्यांच्या हाती, बाजारपेठ वेगळी. गुंतवणूक सारी खार्टूम आणि गेझिरा यांभोवती. १ जानेवारी १९५६ रोजी स्वातंत्र्य आले, तेव्हा हा असमतोल नव्या राज्यकर्त्यांनी तसाच उचलला आणि त्यावर आपली मिरासदारी बांधली. स्वातंत्र्यापूर्वीच, ऑगस्ट १९५५ मध्ये, तोरित येथे दक्षिणेतील सैनिकांनी बंड केले होते. १९७२ च्या आदिस अबाबा कराराने पहिले यादवी युद्ध थांबले. दक्षिणेत तेल सापडल्यावर जाफर निमेरीने तो करार मोडला आणि १९८३ मध्ये शरियत लादली. या कायद्याला विरोध करणारे महमूद मोहम्मद ताहा हे वृद्ध धर्मचिंतक स्वतः मुसलमान होते. जानेवारी १९८५ मध्ये त्यांना फासावर चढवण्यात आले. दुसरे युद्ध २००५ पर्यंत चालले आणि २०११ मध्ये दक्षिण सुदान वेगळा झाला. वैर जर केवळ धर्माचे असते, तर दारफुरचे काय? २००३ पासून तेथे मारणारे मुसलमान होते आणि मरणारेही मुसलमानच होते. जमीन, पाणी, चराई आणि सत्तेतील वाटा हे तेथील भांडणाचे विषय होते. त्या भांडणात वंशाचे विष कालवले ते खार्टूमने.

दुसरे स्पष्टीकरण, दोन सेनानींचे. यातील अर्धसत्य ओळखण्यासाठी सुदानी सैन्याची युद्धनीती पाहिली पाहिजे. खेडोपाडी बंड मोडण्यासाठी पायदळ लागते आणि पायदळाला पगार, निवृत्तिवेतन, शिस्त लागते. खार्टूमच्या लष्करशहांनी १९८० च्या दशकापासून याहून स्वस्त मार्ग शोधला. त्यांनी पायदळच कंत्राटी केले. एका जमातीला बंदुका द्यायच्या, लूट हाच तिचा पगार ठरवायचा आणि वरून विमानांनी बाँब टाकायचे. प्रथम दक्षिणेच्या सीमेवर हे झाले, नंतर दारफुरमध्ये जंजवीद या नावाने झाले. २०१३ मध्ये ओमर अल-बशीरने याच जंजवीदांना ‘शीघ्र साहाय्य दल’ असे सभ्य नाव दिले आणि आपल्याच सेनापतींपासून संरक्षण म्हणून ते जवळ बाळगले. उंटांचा व्यापार केलेला हेमेदती त्याचा प्रमुख झाला. दारफुरमधील जेबेल आमेरच्या सोन्याच्या खाणी त्याच्या हाती आल्या. येमेनच्या युद्धात आखाती राजांसाठी भाडोत्री सैनिक पुरवून त्याने आणखी धन मिळवले. कंत्राटदार मालकाइतका श्रीमंत झाला, की तो मालकी मागतो. सुदानात तेच झाले.

आणि मालक तरी कोण होता? सुदानी सैन्य हे स्वतःच एक भांडवलदार आहे. शस्त्रास्त्र कारखान्यांपासून शेतमालाच्या व्यापारापर्यंत त्याच्या कंपन्यांचे जाळे पसरलेले आहे आणि त्यांचा हिशोब नागरी अर्थखात्याला कधी मिळाला नाही. या दोन्ही मक्तेदाऱ्यांना आव्हान दिले ते जनतेने. डिसेंबर २०१८ मध्ये भाकरी महागली आणि अटबारा या रेल्वे कामगारांच्या जुन्या लढाऊ शहरात ठिणगी पडली. डॉक्टर, शिक्षक, वकील यांच्या संघटना आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतील प्रतिकार समित्या रस्त्यावर उतरल्या. ११ एप्रिल २०१९ रोजी तीस वर्षांची बशीरशाही कोसळली. ३ जून रोजी खार्टूममधील शांततामय धरण्यावर गोळीबार झाला आणि शंभरावर माणसे मारली गेली. तेव्हा बुऱ्हान आणि हेमेदती एकाच बाजूला उभे होते. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी नागरी सरकार उलथवून टाकतानाही ते एकत्रच होते. लोकशाहीचा गळा दाबेपर्यंत मैत्री आणि लुटीच्या वाटणीची वेळ येताच युद्ध, असा हा क्रम आहे. हेमेदतीचे दल सैन्यात विलीन कधी करायचे, यावर एक पक्ष दोन वर्षे म्हणाला, दुसरा दहा. या आठ वर्षांच्या फरकासाठी राजधानी जाळण्यात आली.

लढायांचा क्रमही हेच सांगतो. सैन्याजवळ विमाने आणि तोफा होत्या, पण शहरात लढणारे पायदळ नव्हते. ते तर शत्रू होऊन समोर उभे होते. हेमेदतीची माणसे खुल्या गाड्यांतून आली आणि नागरिकांच्या घरांत घुसून बसली. सैन्याने त्याच वस्त्यांवर बाँब टाकले. अल-जेनैना येथे जून २०२३ मध्ये मसालित जमातीची कत्तल झाली आणि पळणाऱ्यांना चाडच्या वाटेवर टिपण्यात आले. डिसेंबरमध्ये गेझिराची राजधानी वाद मदनी पडली. पानशेत-खडकवासल्याच्या कालव्यांवर जगणाऱ्या शेतकऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. पाण्याची पाळी कोणाची, हे बंदूकवाला ठरवू लागला की एका हंगामात घराणी बुडतात. सैन्याने वाद मदनी जानेवारी २०२५ मध्ये आणि खार्टूमचा राजप्रासाद मार्चमध्ये परत घेतला, तो ओस पडलेल्या शहरांचा विजय होता. तिकडे दारफुरमध्ये अल-फाशेरला सुमारे दीड वर्ष वेढा पडला. शेजारच्या झमझम छावणीत २०२४ मध्येच दुष्काळ जाहीर झाला होता. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल-फाशेर पडले आणि तेथील रुग्णालयातील रोग्यांनासुद्धा दया मिळाली नाही.

आमचे काही पुरोगामी मित्र येथे म्हणतात की, हेमेदतीमागे आखाती भांडवल आहे, तेव्हा साम्राज्यवादविरोधकांनी बुऱ्हानच्या ‘राष्ट्रीय’ सैन्याची बाजू घ्यावी. हा युक्तिवाद आम्हांला मान्य नाही. ज्या सैन्याने हेमेदतीला जन्म दिला, शस्त्र दिले, पद दिले, त्याचे राष्ट्रीयत्व कसले? कम्युनिस्ट नेते अब्देल खालिक महजूब यांना १९७१ मध्ये फासावर देणारा निमेरी याच सैन्याचा होता. त्याच्या बाजूनेही परकी राजवटी आहेतच. इजिप्त आहे, इराणी ड्रोन आहेत. दोन लुटारूंतील दुबळ्याला स्वातंत्र्यसैनिक म्हणण्याची चूक समाजवाद्यांनी करू नये. आपली बाजू तिसरी आहे. ज्या प्रतिकार समित्यांनी बशीरला हटवले, त्यांच्यातूनच युद्धकाळात मोहल्ला मदत केंद्रे उभी राहिली. सरकार पळाले, परदेशी संस्था गेल्या, तेव्हा या तरुणांनी सामुदायिक चुली पेटवल्या. दोन्ही फौजांनी त्यांना धरले, छळले, मारले. २०२५ च्या आरंभी अमेरिकेने मदत तोडली, तेव्हा शेकडो चुली विझल्या. पुणेकरांना १२ जुलै १९६१ आठवत असेल किंवा वडीलधाऱ्यांकडून ठाऊक असेल. पानशेत फुटले, खडकवासला फुटले, तेव्हा शासनयंत्रणेच्या आधी शेजारी धावला होता. सुदानात तो शेजारी गोळीबारात धावत होता, एवढाच फरक.

आता दिल्लीकडे वळू. ‘परराष्ट्राच्या अंतर्गत प्रश्नात आम्ही पडत नाही’ हे उत्तर मोठे सात्त्विक वाटते. पण आपण पडलेलोच आहोत! दक्षिणेतील तेलक्षेत्रांतून गावेच्या गावे उठवली जात असल्याचे उघड झाले आणि स्वदेशातील टीकेमुळे ‘टॅलिसमन’ या कॅनेडियन कंपनीला सुदान सोडणे भाग पडले. तेव्हा २००३ मध्ये तिचा पंचवीस टक्के हिस्सा विकत घेणारी कंपनी होती आपली ओएनजीसी विदेश, म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातील, जनतेच्या मालकीची. कॅनडातील नागरिकांना जे पाप वाटले, ते भारताला ऊर्जासुरक्षा वाटली. सार्वजनिक मालकीचा आग्रह धरणाऱ्या आपल्यासारख्यांनी हा प्रश्न अधिकच टोचून विचारला पाहिजे. मालक जनता असेल, तर जबाबदारीही जनतेचीच.

तेलानंतर सोने. सुदानच्या सोन्याचा मोठा भाग, दोन्ही पक्षांच्या हातचा, दुबईच्या बाजारात जातो. हेमेदतीला संयुक्त अरब अमिरातीतून शस्त्रे जातात, हा आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ मध्ये विश्वासार्ह ठरवला. अमिराती तो नाकारते. त्याच अमिरातीशी भारताने २०२२ मध्ये व्यापार करार केला आणि दरवर्षी दोनशे टनांपर्यंतच्या सोन्यावर जकातीत सवलत दिली. सोने एकदा वितळले की त्याला गाव राहत नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या बांगडीत जेबेल आमेरचा कण आहे की नाही, हे सराफ सांगू शकत नाही आणि गिऱ्हाईक विचारत नाही. त्यांना दोष देऊन भागणार नाही. विचारण्याची सत्ता ज्या सरकारजवळ आहे, ते विचारत नाही, कारण प्रश्न विचारला तर व्यापार दुखावतो. दिल्ली ज्याला तटस्थता म्हणते, तो उघड व्यवहार आहे.

भारताचे सुदानशी नाते एकेकाळी निराळे होते. १९५३ मध्ये सुदानची पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडण्यासाठी जे आयोग नेमले गेले, त्याचे अध्यक्ष आपले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील देशाला मतपेटी दिली होती. पुढे पन्नास वर्षांनी आपण त्याच देशात तेलाचा हिस्सा घेतला. या दोन घटनांमधील अंतर हीच भारतीय परराष्ट्रनीतीच्या अधोगतीची मोजपट्टी आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. सुदानविषयीचे धोरण शासनाने संसदेत मांडावे. अमिरातीतून येणाऱ्या सवलतीच्या सोन्याचा मूळ देश जाहीर करण्याची सक्ती करावी आणि तो सिद्ध न झाल्यास सवलत काढून घ्यावी. सुदानी तेलातून २००३ पासून काय मिळाले आणि त्या क्षेत्रांतील रहिवाशांचे काय झाले, यावर श्वेतपत्रिका काढावी. दोन्ही फौजांना बगल देऊन मोहल्ल्यांच्या चुलींपर्यंत धान्य व औषधे पोचवावीत. पुण्यात अनेक दशकांपासून सुदानी विद्यार्थी शिकायला येत आले आहेत. ज्यांच्या घरून पैसा येणे युद्धामुळे थांबले, त्यांचे शुल्क माफ करण्याची आणि व्हिसाची मुदत वाढवण्याची मागणी पुणेकरांनीच प्रथम करावी. त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही.

सत्तर हजार पौंड आपण १९४७ नंतर मोजून घेतले. ते देणाऱ्या कुळांच्या नातवंडांना आज धान्य, आसरा आणि न्याय यांची गरज आहे. घेताना आपण परराष्ट्र म्हणून संकोच केला नाही. देतानाच तो संकोच कोठून आला, याचे उत्तर दिल्लीने द्यावे आणि ते मिळेपर्यंत आपण विचारत राहावे.