झ्वार्टबुक आणि सव्वाचार लाख नावं

मंडळी, पॉल व्हर्होवेनचा 'झ्वार्टबुक' (2006) अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा. हॉलंडात राहणाऱ्यांनी तर नक्कीच.

वरवर पाहता ही प्रेमकथा आहे. 1944 साल, जर्मनांच्या ताब्यातलं हेग. राखेल ही ज्यू गायिका, घरचे सगळे मारले गेलेत. भूमिगत चळवळीसाठी ती केस रंगवते, नाव बदलते आणि जर्मन गुप्तचर खात्याच्या स्थानिक प्रमुखाला जाळ्यात ओढते. मग खरंच त्याच्या प्रेमात पडते. (हे मला काही पूर्ण पटलं नाही. त्या खात्यातला माणूस, आणि इतका सज्जन? पोस्टाची तिकिटं काय जमवतो! इथे व्हर्होवेनमधलं हॉलीवूड डोकावतं.)

पण खरा सिनेमा सुरू होतो मे 1945 मध्ये, देश मुक्त झाल्यावर. बाहेर लोक नाचताहेत आणि तुरुंगात राखेलच्या अंगावर घाण ओतली जातेय. जर्मनाबरोबर दिसली ना, मग फितूरच! खरा फितूर मात्र सत्कार घेत फिरतोय. कोण, ते सांगत नाही.

हे आता लिहायचं कारण म्हणजे जानेवारी 2025 मध्ये इथे जर्मनांना साथ दिल्याचा संशय असलेल्या सुमारे 4,25,000 लोकांची नावं ऑनलाइन आली. फक्त नावं, फायली नाहीत. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यावरच खटला चालला होता. आमच्या टीममध्ये जेवणाच्या सुट्टीत लोक आपापली आडनावं टाकून बघत होते. एकाला आजोबा सापडले. तो गप्पच झाला आणि आम्ही देशी मंडळी ब्रेड-चीज चावत बसलो. काय बोलणार?

माझ्या मते हे दडपून ठेवणं चूकच होतं. पण फायलीशिवाय नाव म्हणजे नुसता शिक्का. राखेल खरी असती तर या यादीत तिचं नाव आलं असतं, आणि त्या सत्कारवाल्याचं कदाचित नसतंच आलं. आपणही कुणालाही पटकन 'सूर्याजी पिसाळ' म्हणून मोकळे होतो, कागद कोण बघतो?

मूळ फायली हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्या सहकाऱ्याला मी म्हटलं, आधी फाईल वाच, मग आजोबांबद्दल काय ते ठरव.

आणि हो, सिनेमा मुलांबरोबर पाहण्यासारखा नाही.