पोटगीला बाप, सहीला कोण?

लग्न न करता मूल वाढवणाऱ्या जोडप्यातला पुरुष कायद्याच्या लेखी कोण? पोटगी मागायची असेल तर बाप! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 त्यात औरस-अनौरस असा भेद करत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मुलाच्या वतीने सही करायची वेळ आली की हिंदू, बौद्ध, जैन, शिखांना लागू असलेला 1956चा पालकत्वाचा कायदा पुढे येतो. तो म्हणतो, अनौरस मुलाची नैसर्गिक पालक आई, आणि 'तिच्यानंतर' बाप. म्हणजे लसींच्या तारखा पाठ असलेला, रात्री उठून दूध गरम करणारा बाप वेटिंग लिस्टवर.

आई पहिली असण्याला माझी हरकत नाही. 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने एका अविवाहित आईला बापाचं नाव न सांगता, त्याला नोटीस न देता पालकत्व मागू दिलं. योग्यच केलं. जो मुलाकडे फिरकत नाही, त्याची परवानगी कशाला?

'मग उद्या छळ करणारेही हक्क सांगतील,' असं मैत्रिणी म्हणतात. ही भीती खरी आहे. म्हणूनच मी म्हणतो, नुसत्या रक्तावर हक्क देऊच नका. आईच्या संमतीने, दोघांनी मिळून जन्मनोंदणीत बापाचं नाव लावलं, तर त्याला पालक माना. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2003पासून हेच चालतं. त्याने पुढे त्रास दिला तर हक्क काढून घ्यायला न्यायालय असावंच.

'कोर्टात जा की,' हा सल्ला सोपा आहे. 1890च्या कायद्याखाली अर्ज करता येतोही. पण आई राजी, बाप राजी, मूल त्याच घरात. मग वकिलाची फी कशासाठी?

1999 साली गीता हरिहरन खटल्यात प्रश्न विवाहित आईचा होता. तिथेही कायदा 'बापानंतर आई' म्हणत होता. न्यायालयाने 'नंतर'चा अर्थ 'मरणानंतर' नव्हे, 'गैरहजेरीत' असा लावला. अविवाहित बापासाठी तेवढंही पुरणार नाही, कारण तो आईच्या गैरहजेरीत नाही, तिच्या शेजारी उभा आहे. संसदेने कलम 6मधला हा 'नंतर' काढावा आणि नोंदणी केलेल्या बापासाठी तिथे 'सोबत' लिहावं. खर्चात भागीदार धरता, तर निर्णयातही धरा.