दुसऱ्याच्या तिजोरीचा हिशेब

अमेरिकेतील बेसबॉलचा हंगाम ऑक्टोबर सरता सरता संपतो. बेसबॉलवरील वाद मात्र त्यानंतरच खऱ्या अर्थाने रंगात येतो. उत्तरेकडील मैदाने बर्फाखाली जातात, तीस व्यावसायिक संघांचे खेळाडू आपापल्या गावी परततात आणि कचेऱ्यांत, उपाहारगृहांत, आगगाडीच्या डब्यांत रसिकांच्या बैठकी भरू लागतात. या हिवाळी चर्चेला त्या देशात फार जुने नाव आहे: ‘हॉट स्टोव्ह लीग’, म्हणजे तापल्या शेगडीभोवतीची स्पर्धा. सव्वीस जणांच्या संघात दुसरा कॅचर कोण असावा, डावखुरे पिचर किती ठेवावेत, उताराला लागलेल्या जुन्या लाडक्या खेळाडूला आणखी एक हंगाम द्यावा की नव्या दमाच्या मुलाला संधी द्यावी, यांवर तेथे मारामारीची पाळी येईतो वाद चालतात. क्रिकेटच्या संघनिवडीवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या मराठी माणसाला यात काहीच नवल वाटणार नाही.

परंतु गेल्या पन्नास वर्षांत या वादाचा रोख पालटला आहे. पूर्वी रसिक खेळाडूच्या खेळावर भांडत असे. आता तो खेळाडूच्या किमतीवर भांडतो. ह्वान सोटो या खेळाडूने डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांचा ७६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, तेव्हा तो किती उत्तम फलंदाज आहे यापेक्षा ‘हा मनुष्य एवढ्या पैशांच्या लायकीचा आहे काय?’ हाच प्रश्न सर्वतोमुखी झाला. महिनाअखेर स्वतःच्या घरखर्चाची तोंडमिळवणी करताना मेटाकुटीला येणारा कारकूनही अशा वेळी अब्जाधीश मालकाच्या तिजोरीचा कैवार घेऊन उभा राहतो आणि खेळाडूच्या लोभाला नावे ठेवतो. या वादातील सर्वांत विलक्षण गोष्ट कोणती असेल, तर ती हीच होय. जी तिजोरी आपली नाही, जिची किल्ली आपल्याजवळ नाही आणि जिच्यातील शिल्लक आपल्याला कधी दाखविली जात नाही, तिचा जमाखर्च रसिक फुकट लिहीत बसला आहे; आणि तोही मालकाच्या चष्म्यातून.

खेळाडूला मिळाला नाही तो डॉलर प्रेक्षकाच्या खिशात परत येत नाही. तिकिटाचा दर लोक किती मोजावयास तयार आहेत यावर ठरतो, खेळाडूंच्या पगारावर नव्हे. पगार निम्मे केले म्हणून दूरचित्रवाणीचे हक्क स्वस्तात विकणारा किंवा खुर्चीचे भाडे उतरविणारा मालक अद्याप कोणी पाहिलेला नाही. तेव्हा खरा प्रश्न प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातील नाही. प्रेक्षकाने दिलेला पैसा खेळणाऱ्याकडे किती जावा आणि खेळविणाऱ्याकडे किती राहावा, एवढाच तो आहे.

या वाटणीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, ते खेळाडूच्या लोभाची भाषा इतक्या सहजपणे करणार नाहीत. १८७९ मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू ‘राखीव’ समजण्याचे आपसांत ठरविले, आणि पुढे हे बंधन सर्वच खेळाडूंच्या करारांत शिरले. कराराची मुदत संपली तरी खेळाडू त्याच मालकाचा राही. मालक त्याला दुसऱ्या संघाला विकू शके. खेळाडू मात्र आपल्या इच्छेने दुसरीकडे जाऊ शकत नसे. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही असा निर्वाळा दिल्याने हे बंधन अधिकच घट्ट झाले. सेंट लुईस कार्डिनल्सकडून बारा हंगाम खेळलेल्या कर्ट फ्लड या कृष्णवर्णीय खेळाडूला ऑक्टोबर १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकण्यात आले, तेव्हा त्याने जाण्यास नकार दिला आणि आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही असे बेसबॉलच्या आयुक्तांना लेखी कळविले. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या विरुद्ध निकाल दिला. फ्लडची कारकीर्द तोवर संपल्यातच जमा होती. परंतु त्याने विचारलेला प्रश्न संपला नाही. २३ डिसेंबर १९७५ रोजी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी राखीव बंधन एका वर्षापलीकडे चालणार नाही असा निर्णय दिला, आणि जवळजवळ शंभर वर्षांची वेठ एका दिवसात मोडली. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ लवादपदावरून दूर केले. निर्णय मात्र त्यांना दूर करता आला नाही.

त्यानंतर जे घडले ते अधिकच उद्बोधक आहे. ओकलंडचे मालक चार्ल्स फिन्ली यांनी सुचविले की, सर्वच खेळाडूंना दरवर्षी मुक्त करून टाकावे. खेळाडू संघटनेचे प्रमुख मार्व्हिन मिलर हे पोलाद कामगारांच्या संघटनेत मुरलेले अर्थतज्ज्ञ. त्यांना धास्ती होती ती नेमकी याच सूचनेची. शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले की भाव कोसळणार, हे त्यांनी ओळखले होते. इतर मालकांना मात्र तरुण खेळाडू हातचे जाऊ द्यावयाचे नव्हते. त्यांनी फिन्लींचे ऐकले नाही, आणि १९७६ च्या करारात सहा वर्षांच्या सेवेनंतर मुक्ती अशी तडजोड झाली. परिणामी दर हिवाळ्यात मोजकेच चांगले खेळाडू बाजारात येऊ लागले आणि त्यांच्यावर मालकांच्या उड्या पडू लागल्या. १९७६ मध्ये सुमारे ५१ हजार डॉलर असलेले सरासरी वार्षिक वेतन १९९२ पर्यंत १० लाख डॉलरच्या वर गेले. आज ज्या भावांबद्दल ओरड होते, ते चढविण्यास तरुणांना बांधून ठेवण्याचा मालकांचाच हव्यास मोठ्या अंशी कारणीभूत आहे.

याच तडजोडीत दुसरेही एक वैगुण्य दडलेले आहे, आणि खर्चाच्या विरोधात बोलणाऱ्या रसिकांच्या म्हणण्यात जे तथ्य आहे ते येथेच सापडते. सर्वसाधारण खेळाडू पहिली तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास काढतो, पुढील तीन वर्षे लवादाच्या आधाराने थोडे अधिक मिळवितो आणि तिशीच्या उंबरठ्यावर मुक्त होतो. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट पिचर ठरला. त्या वर्षी त्याचा मूळ पगार १० लाख डॉलरपेक्षाही कमी होता. अशा रीतीने तारुण्याची उधारी प्रौढपणी वसूल होते, आणि ती बहुधा भलत्याच संघाकडून. आल्बर्ट पुहोल्सने सेंट लुईसमध्ये अकरा हंगाम गाजविले आणि डिसेंबर २०११ मध्ये लॉस एंजेलिस एंजल्सशी १० वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. त्या मुदतीत एंजल्सला अंतिम फेऱ्यांत केवळ एकदाच प्रवेश मिळाला, आणि करार पुरा होण्यापूर्वीच मे २०२१ मध्ये त्यांनी त्याला मोकळे केले. अॅलेक्स रॉड्रिगेझची कथा तर अधिक बोलकी आहे. २५ कोटी २० लाख डॉलरच्या करारावर तो टेक्सास रेंजर्सकडे गेला. २००१, २००२ व २००३ या तीन हंगामांत त्याने अनुक्रमे ५२, ५७ व ४७ होमरन मारले. त्यांपैकी शेवटच्या वर्षी तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आणि त्या तिन्ही वर्षी टेक्सास आपल्या गटात तळाला राहिले. एका खांबावर मांडव उभा राहत नाही, तो खांब सोन्याचा असला तरीही.

म्हणून संघनिवडीची चर्चा पैशाच्या चर्चेपेक्षा मोलाची ठरते. ओकलंडच्या संघाने २००२ मध्ये १०३ सामने जिंकले. सुमारे तिप्पट पगारखर्च असलेल्या न्यूयॉर्क यांकीजनीही त्या वर्षी तेवढेच जिंकले होते. इतरांनी टाकून दिलेले, परंतु धीराने चेंडू सोडून बेसवर पोहोचणारे फलंदाज ओकलंडने हेरले. मायकेल लुइस यांच्या २००३ मधील ‘मनीबॉल’ या पुस्तकाने ती हिकमत जगभर पोहोचविली. दुर्दैवाने मालकांनी त्या पुस्तकातून सोयीचा तेवढाच धडा घेतला. शहाणपणाने खर्च करण्याची शिकवण मागे पडली आणि खर्च न करणे हेच शहाणपण ठरू लागले. खुद्द ओकलंडमध्ये २०२३ साली पगारखर्च सर्व संघांत कमी होता. त्या वर्षी १३ जून रोजी २७ हजारांहून अधिक प्रेक्षकांनी मैदानात जमून ‘संघ विका’ असा घोष केला. त्याच महिन्यात नेवाडा राज्याने लास व्हेगासमधील नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतची सार्वजनिक मदत मंजूर केली आणि २०२४ च्या हंगामानंतर संघाने ओकलंड सोडले. काटकसरीचे कौतुक करणाऱ्या रसिकाच्या पदरी अखेर रिकामे मैदान आले.

बॉस्टन तर धनिकांत गणले जाणारे. २०१८ मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून देणाऱ्यांतील अग्रणी मुकी बेट्स याच्या करारास एक वर्ष उरले असताना फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी त्याला लॉस एंजेलिस डॉजर्सच्या स्वाधीन केले. डॉजर्सनी त्याच्याशी १२ वर्षांचा ३६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला, आणि २०२०, २०२४ व २०२५ अशी तीन विजेतेपदे त्याच्यासह मिळविली. बेब रूथला विकून ८६ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ अनुभवलेल्या शहराने ही चूक करावी, हे त्या रसिकांना अजूनही उमगलेले नाही.

आता डॉजर्सच्या लागोपाठच्या दोन विजयांमुळे पगारांवर कमाल मर्यादा घालावी ही मागणी पुन्हा जोर धरू लागली. शोहेई ओहतानीचा ७० कोटी डॉलरचा करार, त्यातील ६८ कोटी २०३४ पासून देण्याची योजना, मर्यादेवरील खर्चाबद्दल २०२४ साली भरलेला १० कोटी डॉलरहून अधिक कर, हे सारे पाहून लहान शहरांतील रसिक हताश झाला तर त्याला दोष देता येणार नाही. तथापि, २००० नंतर २०२४ पर्यंत कोणत्याही संघाला सलग दोन वर्षे विजेतेपद राखता आले नव्हते, आणि तेही कमाल मर्यादा नसताना, हे विसरून चालणार नाही. २०२५ च्या साखळीत सर्वाधिक सामने जिंकले ते लहानशा मिलवॉकीने. डॉजर्सइतकाच मोकळ्या हाताने खर्च करणारे मेट्स मात्र अंतिम फेऱ्यांतही पोहोचले नाहीत.

दुसरे असे की, मर्यादेची मागणी करणाऱ्यांचा पूर्वेतिहास विश्वास वाटावा असा नाही. १९८५ ते १९८७ या काळात मालकांनी आपसांत संगनमत करून मुक्त खेळाडूंचे भाव पाडले. ते सिद्ध होऊन त्यांना २८ कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. १९९४ मध्ये कमाल मर्यादेच्याच वादातून संप झाला आणि त्या वर्षीची वर्ल्ड सीरिज रद्द झाली. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातील वाटा गरीब संघांना दिला जातो. तो संघबांधणीसाठी खर्च होत नाही अशी तक्रार खेळाडू संघटनेने २०१८ मध्ये चार संघांविरुद्ध केली होती. शेअर बाजारात नोंदलेल्या अटलांटासारखा एखादा अपवाद सोडला, तर बहुतेक संघांच्या हिशेबवह्या बंदच आहेत. ज्यांची वही बंद, त्यांच्या तोट्याची कहाणी रसिकाने प्रमाण का मानावी? कमाल मर्यादा हवीच असेल तर तिच्याबरोबर किमान खर्चाचे बंधन आणि खुले हिशेब ही मागणीही झाली पाहिजे. मार्च २०२२ च्या सामुदायिक कराराची मुदत १ डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. अशा प्रत्येक वाटाघाटीत रसिकांचे मत हे मालकांच्या हातचे हत्यार होत आले आहे.

हा प्रश्न भारतालाही अगदीच परका नाही. आयपीएलच्या २०२५ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची मर्यादा होती, आणि ऋषभ पंतला लखनौने २७ कोटी रुपयांस घेतले. लखनौला पहिल्या चारांत येता आले नाही, आणि सारा रोष त्या आकड्यावर निघाला. परंतु तो आकडा पंतने मागितला नव्हता. मालकांनी एकमेकांवर बोली चढवून तो ठरविला होता. लिलावात खेळाडूला आपला संघही निवडता येत नाही. फ्लडने ज्यासाठी कारकीर्द पणाला लावली, ते स्वातंत्र्य या कोट्यधीश खेळाडूंनाही लिलावात लाभलेले नाही.

शेगडीभोवतीचे वाद चालू राहोत. कोणाला घ्यावे, कोणाला वगळावे, यावर हुज्जत घालणे हा रसिकाचा हक्कच आहे. संघावरील ममत्वाचे ते लक्षण आहे. मात्र खेळाडूने एवढे का घेतले, हे विचारण्यापूर्वी त्याने मालकाला विचारावे की, तिकिटांतून, दूरचित्रवाणीतून आणि करांतून जनतेने दिलेल्या पैशांचे काय झाले? त्या पैशांतून चांगला संघ उभा राहिला असेल तर खर्च थोडा की फार हा प्रश्न गौण आहे. तसा तो उभा राहिला नसेल, तर तिजोरीत उरलेल्या शिल्लकीचे कौतुक ज्याची तिजोरी त्यानेच करावे.