काटा खरे बोलला पाहिजे

अनेक व्यापारी घराण्यांत आजोबांच्या काळातील अ‍ॅम्बेसिडर किंवा फियाट अजूनही आदराने जपलेली असते. ती पुन्हा रस्त्यावर आणताना डॅशबोर्ड नव्याने सजविण्याची हौस साहजिकच होते. लाकडी फळी, चकचकीत कडी, मंद दिवे यांना कोणाची हरकत असणार? मात्र डॅशबोर्ड ही गाडीची रोजकीर्द आहे, आणि कीर्दीतील नोंद खरीच असावी लागते.

अ‍ॅमीटरचेच पाहा. जुन्या अनेक गाड्यांत बॅटरीकडे जाणारा व तिच्यातून येणारा बहुतेक विद्युतप्रवाह या मीटरमधूनच वाहतो. डायनामो काढून अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसविला आणि मीटर मात्र ३० अँपिअरचाच ठेवला, तर जोडण्या तापून वायरिंग पेट घेण्याचा धोका संभवतो. अशा वेळी जोडणी बदलून व्होल्टमीटर बसविणे श्रेयस्कर. १२ व्होल्टची सुस्थितीतील बॅटरी इंजिन बंद असता सुमारे १२.६ आणि इंजिन चालू असता साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दाखविते. मूळ चौकट कायम ठेवून आतील यंत्र बदलता येते. परंतु तबकडीवरील आकडेही नव्या यंत्राप्रमाणे लिहून घ्यावेत.

स्पीडोमीटरची गोष्टही तशीच. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविल्यास गाडी प्रत्यक्षात काट्याहून अधिक वेगाने धावते. अंतराचा आकडा तर अधिकच नाजूक. पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येते, म्हणून केवळ आकड्यावरून गाडीचे वय ठरत नाही. मीटर बदलल्यास जुना आकडा व तारीख वहीत नोंदवून ठेवावी. आकडा मागे फिरवून गाडी विकणे म्हणजे सरळ सरळ खोटी खतावणी.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुन्या खाजगी वाहनास ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. मात्र त्याचे मूळ स्वरूप टिकलेले असावे लागते. म्हणून काढलेले प्रत्येक मीटर, कडी व स्क्रू चिठ्ठी लावून जपून ठेवावा. पुढील पिढीला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर तिचे काम अडणार नाही. आणि गाडी विकायची वेळ आलीच, तर घेणाऱ्यापुढे वही उघडून ठेवता येईल.