जटायूचे ऋण

नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात टाकेद नावाचे गाव आहे. सीतामाईला सोडविण्यासाठी रावणाशी झुंजलेला जटायू पंख छाटले जाऊन येथे कोसळला आणि त्याच्या मुखी अखेरचे पाणी घालण्यासाठी प्रभू रामचंद्रांनी सर्व तीर्थांना येथे पाचारण केले, अशी लोकश्रद्धा आहे. म्हणूनच या स्थानाला ‘सर्वतीर्थ’ म्हणतात. वाल्मीकींच्या अरण्यकांडात तर श्रीराम जटायूला पित्याच्या ठायी मानतात, स्वतः चिता रचून त्याला अग्नी देतात आणि गोदावरीच्या पाण्याने त्याला जलांजली देतात. एका पक्ष्याचे अंत्यसंस्कार राजपुत्राने पुत्राच्या नात्याने करावेत, ही घटना या देशाच्या मनावर कायमची कोरली गेली आहे. टाकेदला भाविक आजही श्रद्धेने जातात. मात्र ज्या आकाशाखाली ते हात जोडतात, त्या आकाशात गिधाडांची पूर्वीची वर्तुळे आता दिसत नाहीत. जटायूला वंदन करणाऱ्या समाजाच्या डोळ्यांदेखत जटायूचा वंश संपत आला, हे सत्य कटू असले तरी नाकारता येण्याजोगे नाही.

हा वंश टिकविण्याची झुंज जेथे चालू आहे, त्या स्थानालाही जटायूचेच नाव आहे. हरियाणात, शिवालिकच्या पायथ्याशी, पिंजोरजवळ बीर शिकारगाह अभयारण्याच्या कडेला ‘जटायू संरक्षण प्रजनन केंद्र’ उभे आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि हरियाणाचे वनखाते यांच्या सहकार्यातून २००१ साली आजारी गिधाडांच्या शुश्रूषेसाठी हे केंद्र सुरू झाले आणि २००४ पासून ते प्रजनन केंद्र झाले. पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे अशा तीन जातींची गिधाडे येथे सांभाळली जातात. केंद्र पाहायला जाणाऱ्याच्या मनात प्राणिसंग्रहालयाचे चित्र असेल, तर त्याचा भ्रमनिरास होतो. येथे तिकीट नाही, पिंजऱ्यापुढची गर्दी नाही. पक्षी माणसाला सरावू नयेत म्हणून उंच पक्षिगृहांपासून माणसाला कटाक्षाने दूर ठेवले जाते. आतील हालचाल टिपण्याचे काम कॅमेरे करतात. कोणती जोडी घरटे रचते आहे, कोणत्या घरट्यात अंडे आहे, कोणते पिल्लू मान टाकून बसले आहे, याची नोंद पडद्यावर पाहूनच होते.

या कामातील चिकाटी समजण्यासाठी गिधाडाचा जीवनक्रम समजून घेतला पाहिजे. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. नर-मादी ते आळीपाळीने सुमारे दोन महिने उबवतात. पिल्लू पुढे कित्येक महिने आईबापांवर अवलंबून असते आणि स्वतः घरटे करण्याजोगे होण्यास त्याला साधारण पाच वर्षे लागतात. म्हणजे एक पक्षी अकाली मेला, तर त्याची जागा भरून निघण्यास अर्धे दशक जाते. बंदिवासातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांनी घरटी केली, त्यातून पिल्ले वाढली, त्यानंतर २०१० पर्यंत उरलेल्या दोन जातींतही यश आले. पहिले अंडे काढून यंत्रात उबवायचे आणि त्याच हंगामात जोडीकडून दुसरे अंडे मिळवायचे, हे तंत्रही तेथे साधले गेले. शून्यातून सुरुवात झालेल्या या केंद्रात पुढे तीनशेहून अधिक गिधाडे नांदू लागली. प्रसिद्धीचा झोत नसताना वीस-पंचवीस वर्षे एका पक्ष्यासाठी राबणारी ही माणसे खरोखर अभिनंदनास पात्र आहेत.

मात्र एवढ्या खटाटोपाची वेळ का आली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. १९८० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव अभयारण्यात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची साडेतीनशेच्या आसपास घरटी होती. नव्वदीच्या उत्तरार्धात डॉ. विभू प्रकाश यांना तेथे माना लोंबलेली, झाडांवरून गळून पडणारी गिधाडे दिसू लागली आणि थोड्याच वर्षांत ती वसाहत संपली. देशभराची कथा वेगळी नव्हती. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. हजारांतील एक उरले! इतर दोन जातींतील घट ९७ टक्क्यांच्या घरात होती. प्रारंभी एखाद्या विषाणूचा संशय घेतला गेला. अखेर पाकिस्तानातील पंजाबात झालेल्या संशोधनाने खरा मारेकरी उजेडात आणला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार तो होता डायक्लोफिनॅक, म्हणजे माणसाच्या सांधेदुखीपासून गायीच्या तापापर्यंत सर्रास वापरले जाणारे एक स्वस्त वेदनाशामक.

या शोकांतिकेतील सर्वांत विषण्ण करणारी गोष्ट अशी की, येथे कोणीही रावण नव्हता. गिधाडांवर कोणी बाण सोडला नाही, कोणी जाळे टाकले नाही. दुखणाईत गाय किंवा थकलेला बैल वेदनेने तळमळू नये, या करुणेतूनच शेतकऱ्याने सुई टोचून घेतली. जनावर तरीही दगावले, रिवाजाप्रमाणे ते गावाबाहेर टाकले गेले आणि त्याच्या मांसातील औषधाच्या अंशाने गिधाडांची मूत्रपिंडे निकामी केली. शंभरांतील एखाद्या जनावराच्या शवात हे विष असले, तरी संपूर्ण जात नष्ट होण्यास ते पुरेसे ठरते, असे गणित शास्त्रज्ञांनी मांडले आहे. कारण एका शवावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो. ज्ञानाची जोड नसलेली करुणाही किती संहारक ठरू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

गिधाड नाहीसे झाल्याने कोणाचे काय अडले, असे विचारणारेही असतात. त्याचे उत्तर आता आकड्यांत मिळाले आहे. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष हादरवून टाकणारा आहे. एकेकाळी गिधाडांचा वावर असलेल्या जिल्ह्यांत, गिधाडे गेल्यानंतर, २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसांचे अतिरिक्त मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे. मृत जनावराचा काही तासांत हाडांचा सांगाडा करणारा सफाई कामगार गेला. शवे कुजू लागली, पाणी दूषित झाले, भटकी कुत्री वाढली आणि त्यांच्याबरोबर रेबीजही. मुंबईच्या डुंगरवाडीत तर शतकानुशतके चालत आलेला पारशी समाजाचा अंत्यविधीच संकटात सापडला आणि पक्ष्यांचे काम सूर्यकिरण एकवटणाऱ्या उपकरणांवर सोपविण्याची वेळ आली. ज्या पक्ष्याचे नाव आपल्या भाषेत शिवीसारखे वापरले जाते, तो पक्षी प्रत्यक्षात गावाचा निःशुल्क आरोग्यसेवक होता.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर २००६ सालीच बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतात हे लक्षात आल्यावर २०१५ साली त्या इंजेक्शनाची विक्री एका मात्रेच्या कुपीपुरती मर्यादित करण्यात आली. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावर २०२३ साली, तर निमेसुलाइडवर २०२४ च्या अखेरीस बंदी घालण्यात आली. पण या तारखाच एक वेगळी गोष्टही सांगतात. पहिल्या बंदीनंतर पुढच्या घातक औषधांवर बंदी येण्यास सतरा-अठरा वर्षे लागली. दरम्यानच्या काळात गिधाडाने कोणाकडे दाद मागायची? शिवाय पिंजोरच्या प्रकल्पाला आरंभी आर्थिक हात मिळाला तो ब्रिटिश सरकारच्या ‘डार्विन इनिशिएटिव्ह’ योजनेकडून. त्या मदतीबद्दल कृतज्ञता असावीच. परंतु जटायूच्या देशात जटायूच्या वंशासाठी पहिली झोळी परक्या दारी न्यावी लागावी, याची खंतही असली पाहिजे.

पिंजोरच्या पिंजऱ्यांतील पक्षी आता आकाशात झेपावू लागले आहेत. २०१६ साली तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांच्या उपस्थितीत हिमालयी जातीची दोन गिधाडे प्रयोगादाखल मुक्त करण्यात आली. ऑक्टोबर २०२० मध्ये पांढऱ्या पाठीची आठ गिधाडे सोडण्यात आली. महाराष्ट्राशीही या केंद्राचे नाते जुळले आहे. जानेवारी २०२४ मध्ये पिंजोरहून वीस गिधाडे विदर्भात आणली गेली, दहा ताडोब्याला आणि दहा पेंचला. काही महिने स्थानिक हवेला सरावल्यावर पाठीवर संदेशयंत्र लावून ती सोडण्यात आली. त्यांतील एकाने मजल दरमजल करीत थेट तामिळनाडू गाठले आणि तेथे विजेच्या धक्क्याने त्याचा अंत झाला. अशा मृत्यूंनी खचून जाण्याचे कारण नाही. मात्र त्यातून एक धडा निश्चित घेतला पाहिजे. प्रजनन केंद्र पक्षी देऊ शकते, सुरक्षित आकाश देऊ शकत नाही. ते समाजालाच द्यावे लागते.

हे काम मंत्रालयात नव्हे, गोठ्यात व्हायचे आहे. मेलॉक्सिकॅम हे औषध जनावराची वेदना शमवते आणि गिधाडाला अपाय करीत नाही, हे २००६ सालीच सिद्ध झाले आहे. मग गोठ्यात आलेल्या डॉक्टरला ‘कोणते इंजेक्शन देता?’ एवढा एक प्रश्न विचारणे शेतकऱ्याला अवघड आहे काय? गोशाळा आणि पांजरपोळ यांची जबाबदारी तर अधिक मोठी आहे. वृद्ध, आजारी गोवंश तेथेच अखेरचा श्वास घेतो. आपल्या औषधांच्या कपाटात गिधाडांना घातक असे एकही औषध असणार नाही, असा निर्णय प्रत्येक गोशाळेने घेतला, तर या कार्याला मोठे बळ मिळेल. गोसेवेचे पुण्य जोडताना नकळत जटायूहत्येचे पाप पदरी पडू नये, एवढी दक्षता गोभक्तांकडून अपेक्षित आहे. औषध दिलेले जनावर दगावले, तर ते उघड्यावर न टाकता पुरावे आणि निर्धोक शवांसाठी गावाने जागा राखून ठेवावी, एवढे ग्रामसभा सहज ठरवू शकते. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगावने गिधाडांच्या रक्षणात ग्रामस्थांचा सहभाग काय करू शकतो, हे दाखवून दिलेच आहे.

जटायू वृद्ध होता. आपण रावणाला हरवू शकणार नाही, हे त्याला कळत होते. तरीही डोळ्यांसमोर अन्याय घडत असताना स्वस्थ बसणे त्याला मान्य नव्हते. श्रीरामांनी त्याचे ऋण अग्नी आणि जलांजली देऊन फेडले. आजच्या समाजापुढील काम त्यामानाने सोपे आहे. त्याला कोणाशी युद्ध करायचे नाही, फक्त एक बाटली बाजूला ठेवून दुसरी उचलायची आहे. टाकेदच्या तीर्थावर हात जोडणाऱ्या भाविकाने घरी परतल्यावर आपल्या गोठ्यातील औषधांची फळी एकदा तपासली, तर त्याची यात्रा खऱ्या अर्थाने सफल झाली असे म्हणता येईल.