गाडी आपली, किल्ली कंपनीची

‘कुठे तुमची खटारा फियाट आणि कुठे ही व्हर्टस जीटी!’ गाड्यांचा विषय निघाला की आमच्या घरातली पोरं मला ऐकवतात. आकड्यांत ती बरोबर आहेत. प्रीमियर पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद जेमतेम ४० हॉर्सपॉवर. व्हर्टसचं दीड लिटरचं टर्बो इंजिन १५० च्या घरात. शर्यतीचा प्रश्नच नाही.

दुसरीकडे माझ्या वयाचे लोक म्हणतात, ‘जुना पत्रा जाड, म्हणून गाडी सुरक्षित.’ हाही भ्रमच. चुरगळून धक्का शोषून घ्यायची सोय नसलेली गाडी तो धक्का थेट आतल्या माणसाला देते. पद्मिनीत ना एअरबॅग, ना एबीएस. महामार्गावर जायचं तर मी मुलांना नव्या गाडीतच बसवीन.

माझं भांडण आहे ते दुरुस्तीवरून. पद्मिनी कुर्ल्यात बनायची आणि माझे मामू तिथेच तिचे मिस्त्री होते. शिक्षण सातवी. कार्बोरेटरचे जेट फुंकायचे, पॉइंट घासायचे, कानाने टायमिंग लावायचे. त्याच हुनरवर त्यांनी घर चालवलं. आजच्या गाडीत मात्र बिघाड शोधायलाच स्कॅनर लागतो आणि आतल्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीच्या हातात असते.

मोटार दुरुस्तीच्या धंद्यात मुसलमानांचं प्रमाण जास्त असल्याचं सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं होतं. म्हणजे हे कुलूप कोणाच्या रोजीला लागतं, ते सांगायला नको. ‘ही मुलं गॅरेजच्या पुढे जात नाहीत’ असे टोमणे मारणाऱ्यांना गॅरेजचंच दार बंद होतंय हे दिसत नाही.

सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण अपिलात गेलं. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. समित्यांनी पोट भरत नाही. गाडी विकणाऱ्याने तिची माहिती रास्त दरात प्रत्येक गॅरेजला दिलीच पाहिजे, असा सक्तीचा कायदा हवा.

आणि आपण? मोहल्ल्यात जलशांसाठी वर्गणी जमते. मग चार पोरांना ऑटो इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला, एक चांगला स्कॅनर घ्यायला का जमू नये?

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा अनेकांनी फोटो टाकून हळहळ व्यक्त केली. गाडी जाणारच होती. मिस्त्री जाऊ नये, याची फिकीर करा.